जादूटोणाविरोधी कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिबिरात, शाळेतल्या कार्यक्रमानंतर, कधी रात्री अकराला फोनवर, हेच प्रश्न फिरून फिरून येतात. ते विचारणाऱ्यांच्या शब्दांतच ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल, आणि एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. घरात आत्ता कुणाला साप चावलेला असेल तर मात्र हे वाचत बसू नका, १०८ ला फोन लावा.

१. हा कायदा नक्की कोणता? कधी झाला?

पूर्ण नाव एका दमात घेता येत नाही: महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध घालण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम, २०१३. बोलताना सगळे ‘जादूटोणाविरोधी कायदा’ म्हणतात.

मसुदा २००३ पासून सरकारदरबारी फिरत होता. दरवेळी कलमं गळायची, शब्द बदलायचे, अधिवेशन संपायचं. त्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच राज्य सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला. खुनाच्या खटल्याचा निकाल मे २०२४ मध्ये लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले.

२. म्हणजे आता अंधश्रद्धा बाळगणं हा गुन्हा आहे का?

नाही. मांजर आडवं गेलं म्हणून थांबा, दाराला लिंबू-मिरची बांधा, अमावास्येला गाडी घेऊ नका, पोलीस येणार नाहीत. श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते, हे ठरवण्याच्या भानगडीत हा कायदा पडतच नाही. त्याला एक अनुसूची जोडली आहे, तिच्यात बारा नोंदी आहेत, आणि त्या नोंदींत लिहिलेली कृत्यं गुन्हा आहेत. बाकी सगळं बाहेर.

नोंदी नीट वाचल्या की एक गोष्ट दिसते. तुम्ही काय मानता हे त्यात कुठेही विचारलेलं नाही. कुणाच्या अंगाला इजा झाली का, पैसे उकळले का, दहशत घातली का, उपचार रोखले का, बाईचं शोषण झालं का, एवढंच विचारलं आहे. कार्यकर्त्यांना हे अपुरं वाटतं, विरोधकांना अजूनही जास्त वाटतं. माझ्या मते कायदा टिकला तो या अरुंदपणामुळेच.

३. सत्यनारायण, नवस, वारी, उपवास, मोहरमची मिरवणूक, यांवर बंदी आली का?

नाही, आणि हे कायद्यातच लिहून ठेवलं आहे. शेवटी एक लांबलचक यादी आहे: प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा, कीर्तन, प्रवचन, भजन, होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांच्या कथा सांगणं आणि छापणं, घरी, देवळात, दर्ग्यात, गुरुद्वारात, चर्चमध्ये होणारे, शारीरिक इजा न करणारे धार्मिक विधी, व्रतवैकल्यं, नवस, मोहरमची मिरवणूक, कडकलक्ष्मी, मुलांचे कान-नाक टोचणं, जैनांचं केशलोचन. या सगळ्याला कायदा लागू नाही.

ही यादी फुकट आलेली नाही. वारकरी संघटनांनी विधेयकाला कडाडून विरोध केला होता. ‘उद्या वारीत चालणाऱ्यालाही पकडतील’ ही भीती फडाफडांतून बोलली जात होती. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले हे कीर्तनात सांगितलं तर गुन्हा होईल का, हा प्रश्न तेव्हा खरोखर गंभीरपणे विचारला गेला. उत्तर आता कायद्यातच आहे: होणार नाही.

४. पण घटनेने धर्मस्वातंत्र्य दिलंय ना? सरकारला यात पडायचा अधिकार काय?

अनुच्छेद २५ अर्धाच वाचला की हा प्रश्न पडतो. ते स्वातंत्र्य सुरुवातीलाच ‘सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य’ यांच्या अधीन राहून दिलेलं आहे. पुढे त्याच अनुच्छेदात सामाजिक सुधारणेसाठी कायदे करण्याची मुभाही राज्याला ठेवली आहे.

मात्र ‘सुधारणा म्हटली की सरकार जिंकणारच’ असं समजू नका. मुंबई प्रांताची दोनच उदाहरणं पाहा. हिंदूंमधल्या बहुपत्नीत्वाला बंदी घालणारा १९४६ चा मुंबईचा कायदा उच्च न्यायालयाने नरसू अप्पा माळी खटल्यात उचलून धरला. त्याच प्रांताने १९४९ मध्ये जाती-जमातीतून बहिष्कृत करण्यावर बंदी आणली, तो कायदा मात्र दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केला. धर्मगुरूंचा बहिष्काराचा अधिकार हा त्या पंथाच्या धर्मव्यवहाराचा भाग आहे, असं बहुमताने मानलं. त्या निकालामुळे पडलेली पोकळी भरून काढायला महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा उजाडावा लागला.

जादूटोणाविरोधी कायद्याने ही ठेच लक्षात ठेवलेली दिसते. कुठला विधी धर्माचा गाभा आणि कुठला नाही, असल्या वादात तो शिरतच नाही. चटका दिला की दिला, त्यामागचं तत्त्वज्ञान कोर्टात सांगा.

५. कायदा फक्त हिंदूंसाठीच आहे, हो ना?

हा प्रश्न नसतो, टोमणा असतो, तरी उत्तर देतो. कायद्यात धर्माचं नाव घेऊन कुणाला धरलेलंही नाही आणि सोडलेलंही नाही. सूट देताना देऊळ, दर्गा, चर्च, पॅगोडा सगळ्यांची नावं आहेत (प्रश्न ३), गुन्हा सांगताना एकाचंही नाही. अध्यादेश निघाल्यावर अगदी सुरुवातीला जे गुन्हे नोंदले गेले, त्यांतला नांदेडचा गुन्हा असाध्य आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या दोन मुस्लिम बाबांवर होता.

६. खून, मारहाण, फसवणूक यांना आधीच कलमं होती. मग वेगळा कायदा कशाला?

कारण जुनी कलमं घडून गेल्यावर जागी होतात. परभणी जिल्ह्यातलं मानवत आठवा. १९७२ ते १९७४ या काळात तिथे बायका-मुलींचे खून झाले, त्यामागे गुप्तधन आणि संतानप्राप्तीसाठी बळी देण्याचं प्रकरण निघालं. खटला चालला तो खुनाचा. पण खुनाच्या आधी जे चालतं, म्हणजे खड्डा खणणं, पूजा मांडणं, ‘देवी रक्त मागते’ असं कुणीतरी सांगणं, त्याला पकडायला नेमकं कलम नव्हतं.

गुप्तधनाचा नाद अजून गेलेला नाही. पायाळू मुलगा शोधत माणसं गावोगाव फिरतात, कारण पायाकडून जन्मलेल्याला जमिनीखालचं दिसतं असा समज आहे. कुणी त्यासाठी मांडूळ साप विकत घेतं, मग जादूटोण्याबरोबर वन्यजीव संरक्षण कायदाही लागतो. ‘पैशांचा पाऊस’ पाडतो म्हणून मुलीला विधीला बसवलं जातं. गुप्तधनासाठी किंवा पाण्याच्या शोधासाठी अघोरी कृत्य करणं, नरबळीचा प्रयत्न करणं, नुसता तसा सल्ला देणं किंवा चिथावणं, हे सगळं आता स्वतंत्र गुन्ह्यात येतं. कुणाच्या गळ्याला सुरी लागेपर्यंत थांबावं लागत नाही, हाच या कायद्याचा सगळ्यात मोठा उपयोग आहे.

जुनी कलमं गेलेली नाहीत. भारतीय न्याय संहितेची खून, दुखापत, फसवणूक, बलात्कार यांची कलमं याच्या जोडीने लागतात.

७. शिक्षा किती? जामीन मिळतो का?

कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त सात वर्षं कैद, आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. अजामीनपात्र म्हणजे जामीन कधीच नाही असं नव्हे. तो पोलीस ठाण्यात हक्काने मिळत नाही, न्यायालयाकडे मागावा लागतो. दोषी ठरलेल्याचं नाव-गाव स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणण्याचा आदेशही न्यायालय देऊ शकतं. भोंदूला कैदेपेक्षा याची भीती जास्त वाटते, असा आमचा अनुभव.

८. अंगात येणं चालतं की नाही? एकीकडे सूट आहे म्हणतात, दुसरीकडे गुन्हा.

दोन्ही खरं आहे, म्हणून गोंधळ होतो. जत्रेत हलगी वाजायला लागली, एखाद्या मावशीच्या अंगात आलं, बायकांनी हळदकुंकू लावलं, ओटी भरली, त्या घुमून शांत झाल्या. हा सूट दिलेल्या यादीतला धार्मिक प्रकार.

त्याच मावशी दर मंगळवारी गादीवर बसून सांगू लागल्या की ‘सहा महिन्यांत तुझ्या घरात मयत होणार, मी सांगते तसं केलं नाहीस तर मला दोष देऊ नको,’ तर प्रकरण अनुसूचीत गेलं. अंगात दैवी शक्ती आल्याचं भासवून लोकांच्या मनात भीती घालणं किंवा सांगितलं ते न ऐकल्यास वाईट होईल अशी धमकी देणं हा गुन्हा आहे. घुमण्याला कुणाचीच हरकत नाही, धाक घातला की मामला बदलतो. मधल्या पायरीवरची प्रकरणं खूप असतात आणि ती प्रत्येकवेळी पुराव्यावरच ठरतात. तिथे कुणीही छातीठोक उत्तर देत असेल तर जपून.

९. वस्तीतले लोक म्हणतात की माझ्या सासूने करणी केली. आमच्याशी कुणी बोलत नाही. यात काही करता येतं का?

येतं. माझ्या मते बारा नोंदींतली ही सगळ्यात मोलाची, आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी.

एखादी व्यक्ती करणी करते, चेटूक करते, मंत्राने गाईम्हशींचं दूध आटवते, ती अपशकुनी आहे, तिच्यामुळे आजार पसरला, असं जाहीर करणं किंवा तसा समज पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. हातही लावायची गरज नाही, आरोपच पुरतो. पुढे मारहाण झाली, नग्न धिंड काढली, रोजच्या व्यवहारांवर बंदी घातली तर त्याची वेगळी नोंद आहे.

सातपुड्यात, नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यात, हिला डाकीण म्हणतात. नाव बहुतेकवेळा बाईचंच निघतं, त्यातही विधवेचं, एकटीचं, किंवा जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे तिचं. पोर तापाने जातं, भगताकडे विचारणा होते, तो दाणे टाकून ‘उगवतीच्या दिशेचं घर’ एवढंच सांगतो. नाव तो घेत नाही, नाव गाव घेतं. मग पोलिसांपुढे सगळे म्हणतात, आम्ही कुठे काय म्हणालो. म्हणून कोण, कधी, कुणासमोर, कोणत्या शब्दांत बोललं, ते त्याच दिवशी लिहून ठेवा. निरोप फोनवर आला असेल तर पुसू नका.

पिठाची गिरणी, पाणवठा, किराणा दुकान, लग्नाचं आमंत्रण बंद झालं असेल तर सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदाही लागतो. तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रारीत दोन्ही कायद्यांचा उल्लेख करा.

१०. आमच्या गावात साप उतरवणारे आहेत, माणसं खरंच बरी होतात. त्यांनाही पकडणार?

कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडादोरा करणं हा गुन्हा आहे. देवळात नारळ फोडून तुम्ही तडक रुग्णालय गाठलंत तर कुणाचाच गुन्हा नाही. ‘डॉक्टरकडे नेलंत तर विष चढेल’ असं सांगणारा गुन्हेगार.

आता ‘बरी होतात’ याबद्दल. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. धामण, दिवड, तस्कर चावला तर मंत्र म्हटला काय, पाढे म्हटले काय, माणूस उठतोच. विषारी साप चावला तरी दरवेळी विष आत सोडतोच असं नाही. श्रेय मांत्रिकाला जातं आणि पुढच्या वेळी मण्यार चावते. तिचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला होतो, दुखत नाही, सूज नाही, खूण दिसेल न दिसेल. पोटात दुखतंय म्हणून ओवा दिला जातो, पहाटे पापण्या मिटायला लागतात आणि मग श्वास. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं प्रतिसर्पविष सरकारी रुग्णालयात मिळतं. तिथे पोचायला लागणारा वेळ हाच जगण्या-मरण्याचा हिशेब. दंशाच्या जागी चिरा देऊ नका, चोखू नका, करकचून आवळू नका, चालवू नका.

विंचवाची गोष्ट कोकणाला वेगळी सांगायला नको. लाल विंचवाच्या दंशाने तरणीताठी माणसं हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन जात. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे बारकाईने टिपलं, प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध वापरून पाहिलं, मृत्यू झपाट्याने घटले आणि ती निरीक्षणं जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत गेली. विंचू उतरवणाऱ्याच्या ओटीवरून उठून लोक आरोग्य केंद्राच्या पायरीवर आले ते औषधाचा गुण दिसला म्हणून, कायद्याला अजून कितीतरी वर्षं होती. उलटंही खरं आहे: प्रतिसर्पविषाची कुपी संपलेली असेल, डॉक्टर जागेवर नसेल, तर लोक मांत्रिकाकडेच जातील आणि तेव्हा त्यांना कायदा ऐकवण्यात अर्थ नाही.

कुत्र्याबाबत तर प्रयोगाला जागाच नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लस घ्या.

११. माझा भाऊ स्वतःच्या मर्जीने ‘बाहेरचं’ काढायला जातो. तिथे साखळीने बांधतात. त्याची संमती असेल तर?

अनुसूचीत संमतीची पळवाट ठेवलेली नाही. भूत काढण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठीने-चाबकाने मारणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, केस उपटणं, चटके देणं, हे सगळं पहिल्याच नोंदीत आहे. कुणाला ही यादी वाचून अतिशयोक्ती वाटत असेल तर सांगतो, यातला एकही प्रकार कल्पनेतून आलेला नाही.

शिवाय भावाला मानसिक आजार असेल तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा अशा रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधायला मनाई करतो. नुसता अंगारा लावणं, ताईत बांधणं, उतारा टाकणं हे मात्र गुन्ह्यात येत नाही. गोळ्या चालू ठेवून अंगारा लावत असेल तर भांडू नका, गोळ्या चालू आहेत ना एवढं पाहा.

१२. ज्योतिषी, वास्तुवाले, पाणाडे?

ज्योतिष सांगणारे, नंदीबैलवाले, वास्तुशास्त्राचा सल्ला देणारे, भूगर्भातलं पाणी दाखवणारे या सगळ्यांना सूट आहे. मला पटत नाही, पण तशी आहे. मात्र सूट सल्ल्याला आहे. ज्योतिषाने ‘तुझ्या चुलतीने करणी केलीय’ म्हटलं की तो प्रश्न ९ मध्ये आला.

१३. टीव्हीवर रात्री यंत्रं आणि लॉकेटं विकतात, त्यांचं काय?

जाहिरातीही कायद्याच्या कक्षेत येतात. हनुमान चालीसा यंत्राच्या जाहिरातींविरुद्ध एका शिक्षकाने केलेल्या याचिकेवर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिला. देवाच्या नावाने अशा वस्तूत दैवी किंवा चमत्कारी गुण असल्याचं सांगून जाहिरात करणं या कायद्याने बेकायदा आहे आणि ती दाखवणारी वाहिनीही जबाबदार ठरते, असं न्यायालयाने म्हटलं. पितळी पत्रा विकण्याला बंदी नाही, ‘हा घेतला की व्यवसायात भरभराट’ म्हणून विकण्याला आहे. मधुमेह, कर्करोग अशा आजारांवरच्या हमखास तोडग्यांच्या जाहिरातींना औषधी व जादुई उपचार कायदा १९५४ पासूनच आहे.

१४. भर सभेत लोकांच्या मनातलं ओळखणाऱ्यांवर गुन्हा होतो का?

नोंद अशी आहे: तथाकथित चमत्कार करून त्यावर पैसे मिळवणं, आणि त्यांचा प्रसार करून लोकांना फसवणं, ठकवणं किंवा दहशत बसवणं. नुसता चमत्काराचा देखावा पुरेसा नाही. जादूगाराचा तिकीट लावून केलेला खेळ यात येत नाही, कारण तो हातचलाखी आहे हे दोघांनाही ठाऊक असतं.

जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींच्या ‘दिव्य दरबारा’विरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते श्याम मानव यांनी तक्रार केली आणि दावे सिद्ध करण्याचं आव्हान दिलं. पोलिसांनी चित्रफिती तपासून या कायद्याखाली गुन्हा होत नाही असं कळवलं. मला तो निष्कर्ष घाईचा वाटला. पण त्यातून एक कळलं: ‘मी या बाबाकडे गेलो, एवढे पैसे दिले, माझं एवढं नुकसान झालं’ असं सांगणारा कुणी पुढे आल्याशिवाय हे कलम लंगडतं.

१५. कीर्तनात कुणी मुलगा होण्याचा तोडगा सांगितला तर?

कीर्तनाला या कायद्यातून सूट आहे (प्रश्न ३), पण सगळ्याच कायद्यांतून नाही. सम तिथीला संबंध ठेवला तर मुलगा, विषम तिथीला मुलगी होते, या विधानावरून एका लोकप्रिय कीर्तनकारांवर खटला दाखल झाला तो गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली. सत्र न्यायालयाने तो रद्द केला आणि २०२३ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पुन्हा मार्गी लावला. गर्भाचं लिंग मंत्राने बदलून देतो असा दावा, किंवा नुसत्या बोटांनी शस्त्रक्रिया करतो असा दावा, मात्र थेट जादूटोणाविरोधी कायद्यात आहे.

१६. बाबा आणि भक्तीण दोघंही सज्ञान. मग कायद्याने मध्ये का यावं?

मी अमक्याचा अवतार, तू गेल्या जन्मीची माझी पत्नी, असं भासवून लैंगिक संबंध ठेवणं, किंवा मूल होत नसलेल्या बाईला दैवी शक्तीने आई करतो म्हणून संबंध ठेवणं, हे गुन्हे आहेत. तो ‘हो’ भयातून किंवा फसवणुकीतून काढलेला असतो, हे कायद्याने ओळखलं आहे.

हा वाद मुंबईला नवा नाही. १८६० मध्ये पत्रकार करसनदास मुळजी यांनी वैष्णव महाराजांच्या अशाच वर्तनावर लिहिलं, महाराजांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला, आणि १८६२ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी कोर्टात उभं राहून महाराजांच्या गुप्तरोगाबद्दल साक्ष दिली. करसनदास सुटले. तेव्हा पेपरात लिहिणाऱ्याला कोर्टात खेचलं होतं, आज बाईला फिर्यादी म्हणून उभं राहता येतं, एवढा फरक पडला आहे. पीडितेची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे, हे तिला आधी सांगा. पुष्कळजणी त्या एका भीतीने थांबलेल्या असतात.

१७. पशुबळी, बगाड, जट, देवदासी?

पशुबळी या कायद्यात नाही, आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा केंद्रीय कायदाही धर्माने सांगितलेल्या पद्धतीच्या बळीला सूट देतो. जट ठेवणं गुन्हा नाही. मात्र ‘जट कापलीस तर नवरा मरेल’ असा धाक घालणाऱ्यासाठी प्रश्न ८ वाचा. मुलीला देवाला सोडण्यावर २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा आहे.

बगाडाचं, म्हणजे नवस फेडायला माणसाला उंच शिडाला टांगून फिरवण्याच्या प्रथेचं, उत्तर अवघड आहे. पूर्वी पाठीत गळ टोचून टांगत. वाई तालुक्यातल्या बावधनला आता बगाड्याला शिडाला बांधतात. बांधून फिरवणं ही परंपरेची मिरवणूक मानली जाते. कुणी पुन्हा गळ टोचायला लागलं तर जिवाला धोका किंवा गंभीर इजा करणाऱ्या कृत्यांची नोंद लागू होईल, असं मला वाटतं.

१८. तक्रार कोण करू शकतं? ठाण्यात म्हणतात फक्त पीडितच करू शकतो.

दक्षता अधिकाऱ्याची, म्हणजे या कायद्यासाठी नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्याची, कर्तव्यं सांगताना कायद्यात ‘पीडित किंवा त्याच्या कुटुंबातील व्यक्ती’ यांच्या तक्रारीचा उल्लेख आहे, त्यावरून हा समज पसरला. पण गुन्हा दखलपात्र आहे, त्याची खबर कोणीही देऊ शकतं, आणि दक्षता अधिकाऱ्याने तर स्वतःहून असे प्रकार शोधून रोखायचे आहेत. हा अधिकारी पोलीस निरीक्षकाच्या दर्जाखालचा नसतो. अर्थात पीडिताचा जबाब नसेल तर कोर्टात प्रकरण तग धरत नाही, हे खरं.

ठाण्यात दाद लागली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवा, तरीही नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. जाताना कायद्याची मराठी प्रत बरोबर ठेवा. अंमलदाराला कायदा माहीत नसणं नेहमीचं, वाद न घालता अनुसूचीतली नोंद त्याच्यापुढे ठेवली की काम लवकर होतं. बाबाकडे छुपा कॅमेरा घेऊन जाण्याचा नाद एकट्यादुकट्याने करू नका.

१९. भगताकडे सुनेला नेलं ते सासू-सासऱ्यांनी. तेही आरोपी होतात?

होऊ शकतात. स्वतः केलेलं, दुसऱ्याकरवी करवून घेतलेलं आणि चिथावलेलं, तिन्ही कायद्यात धरलं आहे. घरच्यांना यात गोवायचं नाही म्हणून पुष्कळ सुना फक्त भगताचं नाव देतात, मग घरचे साक्षीला फिरकत नाहीत आणि भगत सुटतो. कुणाचं नाव द्यायचं हा निर्णय तिचाच. परिणाम आधी समजावून सांगायचे, ते आमचं काम.

२०. मी बेळगावात राहते. आमच्याकडे हा कायदा चालतो का? आणि बाबा ऑनलाइन असेल तर?

हा कायदा महाराष्ट्रापुरता. बेळगाव, निपाणी, खानापूरला कर्नाटकचा २०१७ चा स्वतंत्र कायदा लागू आहे, आणि काही बाबतींत तो आपल्यापेक्षा पुढे आहे. उष्ट्या पत्रावळींवर लोळण्याचा मडेस्नान हा प्रकार त्यात नाव घेऊन बंद केला आहे. गुजरातनेही २०२४ मध्ये कायदा केला. देशभराचा एक कायदा अजून नाही.

बाबा दुसऱ्या राज्यात बसून तुम्हाला पुण्यात फोनवर धमकावत असेल, पैसे पुण्याच्या खात्यातून गेले असतील, तर तक्रार पुण्यात देता येते. फसवणुकीचं कलम आणि सायबर पोलीस दोन्ही उपयोगी पडतात. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० वर फोन करा. खातं गोठवायचं असेल तर पहिले काही तासच हाताशी असतात, बाबाच्या गुन्ह्याचं काय ते दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन बघता येईल.